उच्चार एक, दाखले अनेक

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर गावी बाजारात उभे राहून कोणी 'सेल आहे का?' असा अवघ्या तीन शब्दांचा प्रश्न केला, तर त्याचे उत्तर प्रश्नावरून ठरणार नाही, तो कोणाच्या उंबऱ्याशी केला त्यावरून ठरेल. किराणा दुकानदार बॅटरीत घालायचे दोन सेल काढून पुढ्यात ठेवील. कापडवाला 'सध्या नाही, दिवाळी सरल्यावर लावू' म्हणून पुन्हा गजाकडे वळेल. दवाखान्यात चौकशी रक्तातल्या पांढऱ्या सेलांची आहे असे समजून रिपोर्टाचा कागद मागितला जाईल. आणि तहसील कचेरीतला कारकून मान वर न करता कोणत्या तरी तक्रार-निवारण सेलाच्या खोलीकडे बोट दाखवील. चौघांच्या कानी पडला तो उच्चार एक, चौघांच्या मनात उभ्या राहिल्या त्या वस्तू चार, आणि तरीही आपण काही संदिग्ध ऐकले असे चौघांपैकी एकालाही वाटले नाही.

इंग्रजीच्या दप्तरात मात्र या मंडळींची खाती निराळी आहेत. दुकानदाराचा, दवाखान्याचा आणि कचेरीचा सेल हा मुळात एकच शब्द असून त्याचे लेखन सी-ई-एल-एल असे होते. लॅटिन भाषेत 'सेला' म्हणजे लहानशी कोठी, आणि त्याच कोठीपासून मठातल्या संन्याशाची खोली, तुरुंगातली कोठडी व मधमाशीच्या पोळ्यातले घर असे अर्थ विस्तारत गेले. रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला जी कप्प्याकप्प्यांची रचना दिसली तिला १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हेच नाव दिले. कापडवाल्याचा सेल हा विक्रीचा, एस-ए-एल-ई असा लिहिला जाणारा. इंग्रजी कानाला कोठीवाचक 'सेल' आणि 'विकणे' या अर्थाचे क्रियापद ही जोडी एकसारखी ऐकू येते, तर विक्रीवाचक 'सेल' आणि जहाजाचे शीड ही दुसरी जोडी एकसारखी ऐकू येते; पहिल्या जोडीतला स्वर आखूड आणि दुसरीतला लांबवलेला. मराठीने हा भेद न जुमानता कोठी, विकणे, विक्री आणि शीड या चौघांनाही एकाच मात्रेखाली आणून बसविले.

कानाला सारखे परंतु लेखनाने व अर्थाने भिन्न अशा या शब्दांना समोच्चारी शब्द म्हणावे. आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या प्रत्येक पिढीने त्यांच्यापायी छड्या खाल्ल्या आहेत. महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून सुरू झाली ती २००० साली. तत्पूर्वी खेड्यातल्या मुलाशी तिची गाठ पाचवीत पडे, आणि ती पडे ती बोलण्यातून नव्हे, तर स्पेलिंगांच्या घोकंपट्टीतून. 'एस-ई-ई सी, सी म्हणजे पाहणे. एस-ई-ए सी, सी म्हणजे समुद्र' असे तालावर म्हणणाऱ्या पोराने समुद्र पाहिलेला नसे, आणि सास्तूरपासून तो इतका दूर, की पाहण्याचा योग लवकर येईल अशी आशाही नसे. परंतु त्याच्या मनात एक वाजवी शंका उत्पन्न होई, की जे एकसारखे बोलायचे ते दोन तऱ्हांनी लिहिण्याचा हा खटाटोप साहेबाने कशासाठी केला असेल? देवनागरी वाचणाऱ्या मुलाला ही शंका येणे स्वाभाविकच होते, कारण त्याच्या लिपीत अक्षर म्हणजे उच्चार, आणि उच्चार म्हणजे अक्षर, असा जवळजवळ रोखीचा व्यवहार असतो. ती शंका मास्तरांना विचारण्याची मात्र प्राज्ञा नव्हती.

त्या शंकेचे उत्तर असे, की हा खटाटोप साहेबाने केलेलाच नाही. एके काळी हे शब्द भिन्न लिहिले जात, याचे साधे कारण ते भिन्न बोलले जात. पुढे तोंडाने वाट बदलली, आणि लेखणी जुन्या मुक्कामावरच राहिली. 'नाइट' या उच्चाराचे उदाहरण घ्या. रात्र या अर्थी एन-पासून सुरू होणारा आणि सरदार या अर्थी के-पासून सुरू होणारा असे दोन शब्द आज कानाला अगदी जुळे वाटतात. परंतु जुन्या इंग्रजीत दुसऱ्याचा आरंभीचा 'क' खणखणीत उच्चारला जात असे, आणि मधली जी-एच ही अक्षरे घशातून घासत येणाऱ्या, उर्दूतील 'ख़बर'च्या आद्य व्यंजनाशी नाते सांगणाऱ्या ध्वनीची होती. जर्मन भाषेत 'क्नेख्त' हा शब्द आजही आहे, त्यात तो 'क' आणि तो 'ख़' दोन्ही जिवंत आहेत. अर्थ मात्र सेवक, गडी असा, आणि जुन्या इंग्रजीतही हा शब्द प्रथम पोरगा, चाकर याच अर्थाचा होता. चाकराचा सरदार झाला, 'क' गळाला, 'ख़' निमाला. कागदावर मात्र त्यांची नावे कमी करण्याचा फेरफार कोणी केला नाही.

याच सुमारास स्वरांनीही मोठी उलथापालथ केली. सुमारे १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतील बहुतेक दीर्घ स्वर एकामागून एक जागा सोडून वर सरकले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओट्टो येस्पर्सन यांनी या घडामोडीला महास्वरपरिवर्तन अशा अर्थाचे नाव दिले. पाहण्याचा 'सी' पूर्वी आपल्या 'से'च्या जवळ होता, समुद्राचा 'सी' त्याहून तोंड अधिक उघडून, 'सॅ'च्या अंगाने म्हटला जाई. दोघे वर चढत चढत अखेर एकाच पायरीवर येऊन थांबले. दुर्दैव असे, की विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला तो नेमका ही चढण चालू असता, आणि छापखान्याने लेखनाला जे स्थैर्य दिले ते पायऱ्या चढणाऱ्या माणसाचे मध्येच चित्र काढून तेच कायम ठेवावे तशा प्रकारचे ठरले.

मला या संदर्भात सर्वांत मौजेचा वाटतो तो दोन या संख्येचा इंग्रजी शब्द. टी-डब्ल्यू-ओ असा लिहून 'टू' म्हटल्या जाणाऱ्या या शब्दातला मुका डब्ल्यू हा आपल्या संस्कृत 'द्वि'मधल्या वकाराचा सख्खा भाऊ आहे, कारण दोन्ही शब्द एकाच आदिम घराण्यातले. इंग्रजीत तो वकार दोनच्या आकड्यातून लोपला, पण बारा, वीस आणि जुळे यांच्या शब्दांत, 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'ट्विन' या रूपांत तगून राहिला. मराठीतही 'दोन'मध्ये त्याचा मागमूस नाही, आणि 'बारा', 'बावीस' यांच्या आरंभी तोच बकाराचा वेष घेऊन बसलेला आहे. इंग्रजीने मयताचे नाव उताऱ्यावर ठेवले, आपण काढून टाकले, इतकाच काय तो फरक.

मात्र हे इंग्रजी दप्तर सर्वस्वी विश्वसनीय आहे असे समजून चालू नये. त्यात बनावट कागदही पुष्कळ आहेत. संपूर्ण या अर्थाच्या 'होल'ला डब्ल्यू चिकटला तो पंधराव्या-सोळाव्या शतकांत, आणि त्याचे मूळ पाहता त्या अक्षराचा तेथे काडीचा हक्क नव्हता. भोक या अर्थाच्या 'होल'पासून त्याला वेगळा ओळखण्यास आज तो उपयोगी पडतो, हा केवळ योगायोग. बेट या अर्थाच्या 'आयलंड' शब्दातला मुका एस हा तर पंडितांचा प्रताप आहे: लॅटिन 'इन्सुला'पासून आलेल्या दुसऱ्या एका शब्दाशी त्याचे नसलेले नाते जुळवून त्यांनी तो मध्ये घुसडला, आणि मग त्याच ओघात देवळातील बाकांमधल्या वाटेच्या 'आइल'लाही, जो मुळात पक्ष्याच्या पंखावरून आलेला शब्द आहे, एक एस नाहक मिळाला. पुत्र या अर्थाच्या 'सन'मध्ये यू-ऐवजी ओ का, याचे कारण तर व्युत्पत्तीत नसून बोरूच्या वळणात आहे. मध्ययुगीन लेखक एन, एम, यू ही अक्षरे सारख्याच आखूड उभ्या रेघांनी काढीत; यू-पुढे एन आला की नुसत्या काठ्यांची ओळ दिसे, म्हणून वाचकाच्या सोयीसाठी यू-चा ओ करण्याची वहिवाट पडली. सूर्याच्या 'सन'मध्ये यू टिकला, पुत्राच्या 'सन'मध्ये टिकला नाही, आणि त्यामुळे दोघांना निरनिराळे चेहरे मिळाले.

काही जोड्या अशा, की त्या जोड्या नव्हेतच. एकाच असामीची ती दोन नावे आहेत. फूल आणि पीठ या अर्थांचे 'फ्लॉवर' व 'फ्लाउअर' हे दोन्ही फ्रेंचांच्या फुलाच्या शब्दापासून आले: दळलेल्या धान्यातले सर्वांत निवडक ते त्या धान्याचे फूल, अशी ती कल्पना होती, आणि अठराव्या शतकापर्यंत दोहोंचे लेखन सर्रास सरमिसळ चाले. धातू आणि धमक या अर्थांचे दोन 'मेटल' हेही असेच एका पोटचे. माणूस कोणत्या धातूचा घडला आहे या लाक्षणिक अर्थाला पुढे स्वतंत्र स्पेलिंग देऊन वेगळी चूल मांडून दिली. आपण तलवारीचे पाणी आणि माणसाचे पाणी या दोहोंना एकाच शब्दात ठेवले, आणि ते विहिरीच्या पाण्यापासूनही वेगळे लिहिण्याची गरज आपल्याला कधी भासली नाही.

पण या वर्गातला शिरोमणी म्हणजे चेक. बँकेत वटवायचा चेक, कागदपत्रे चेक करणे, रस्त्यावरचे चेकपोस्ट आणि चेक्सचा शर्ट हे सगळे मूळ एकाच घराण्यातले असून ते घराणे फारसी आहे. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की 'शाह' म्हणून इशारा देण्याची इराणी रीत अरबांमार्फत युरोपात गेली. लॅटिन व फ्रेंच यांच्या मुखांतून रूपांतरे पावत त्या शाहाचा इंग्रजीत 'चेक' झाला. अडविणे, रोखणे, पडताळणे असे अर्थ त्याला क्रमाने येत गेले, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटीचे कापड हेही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले, आणि अफरातफर पडताळून पाहण्यासाठी ठेवायच्या स्थळप्रतीवरून बँकेच्या कागदाला ते नाव लागले. ब्रिटिशांनी त्याला पुढे क्यू-यू-ई असे शेपूट जोडून वेगळे केले, अमेरिकनांनी ते जोडण्याचे नाकारले. तोच शाह थेट फारसीतून मराठीत आला तो 'शह' होऊन. शह देणे, काटशह देणे हे शब्द आपण राजकारणात नित्य वापरतो. बँकेत चेक भरणाऱ्या सास्तूरच्या शेतकऱ्याच्या ध्यानीमनीही नसते, की शह आणि चेक हे चुलतभाऊ त्याच्या गावात दोन निरनिराळ्या रस्त्यांनी येऊन पोहोचले आहेत.

आता प्रश्न असा, की समोच्चारी म्हणायचे ते कोणाच्या उच्चाराने? लंडनच्या सुशिक्षिताच्या तोंडी न्यायालयाचा 'कोर्ट' आणि पकडल्याचा 'कॉट' एकसारखे होतात, कारण तो व्यंजनापूर्वीचा रेफ उच्चारीत नाही. चटणीवजा सॉस आणि उगमवाचक सोर्स हेही त्याला एक. स्कॉटलंडातला मनुष्य रेफ स्वच्छ उच्चारतो, त्यामुळे हे शब्द त्याला वेगळे. आपणही रेफ सोडीत नाही, सबब कोर्टाची पायरी चढणाऱ्या मराठी माणसाला कॉटशी त्याची गल्लत होण्याची भीती नाही. उलट रुग्णालयातली कॉट आणि क्रिकेटच्या समालोचनातला 'कॉट' हे लंडनकराला भिन्न, आपल्याला एक, आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांतही एकच. ही कॉट तरी परकी कोठे आहे? ती आपलीच खाट. सतराव्या शतकात कंपनीच्या माणसांनी तिचे नाव उचलून नेले आणि इस्पितळांच्या जमान्यात ती लोखंडी पाय लावून परत आली. १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरला सुरू झालेल्या स्पर्श ग्रामीण रुग्णालयात ज्यावर रुग्ण निजतो ती कॉट आणि घरी ज्यावर आजोबा निजतात ती खाट, या दोहोंत भाषेच्या दृष्टीने एका समुद्रप्रवासाचे अंतर आहे.

मराठी तोंडाने इंग्रजी समोच्चारी शब्दांच्या यादीत अशी स्वतःची बरीच भर घातली आहे. आपल्याला एकच 'व' असल्याने पश्चिम दिशा आणि बनियन हे दोघेही 'वेस्ट' झाले. कंबर आणि नासाडी हे इंग्रजीतले खरे समोच्चारी शब्दही ए-कार लांबविण्याचे आपण मनावर न घेतल्यामुळे त्याच 'वेस्ट'मध्ये सामील झाले. याच नियमाने 'शेड'ही एक झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला, त्यात किल्लारीप्रमाणे सास्तूरही उद्ध्वस्त झाले, आणि लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर या भागातल्या माणसांनी पत्र्याच्या शेडांत ऊन, थंडी आणि पाऊस काढला. 'शेडात होतो तेव्हा' हे त्या पिढीचे कालमापन आहे. नव्या वसाहतींत घरे उभी राहून रंग देण्याची वेळ आली, तेव्हा रंगाची 'शेड' निवडावी लागली. इंग्रजाच्या तोंडी या दोन शब्दांचे स्वर स्पष्ट वेगळे आहेत. येथे मात्र निवाऱ्याचा आणि रंगछटेचा शब्द एकच झाला, आणि पहिल्याचे ओझे ज्यांनी वाहिले त्यांना दुसरा निर्विकारपणे उच्चारता येत असेल असे मला वाटत नाही.

हे सारे इंग्रजीचेच खूळ आहे आणि आपली मराठी या दोषापासून मुक्त आहे, असा समज होऊ पाहत असेल तर तो वेळीच सोडलेला बरा. बोलण्यात 'दिन' आणि 'दीन' यांत भेद करणारा मराठी माणूस विरळा. एकाक्षरी वाटाव्या अशा शब्दातला इकार आपली जीभ आपोआप लांबविते, आणि म्हणून फलक रंगविणाऱ्याने घाई केली तर महाराष्ट्राचा दिन पाहता पाहता दीन होतो. शिर आणि शीर, सुत आणि सूत यांची हीच कथा. पेशवाईच्या दप्तरांत ज्या मोडी लिपीचा अंमल होता, तिने तर हा प्रश्न मुळातच निकालात काढला होता, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही. कारकुनाने बोरू न उचलता ओळ संपवावी आणि अर्थ वाचणाऱ्याने संदर्भाने लावावा. बाळबोध छापखान्याने हा भेद पुन्हा कामावर रुजू करून घेतला, परंतु मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली जे नियम ठरविले, त्यांत शब्दाच्या अंती येणारा इकार दीर्घ लिहावा असा निर्णय होऊन 'कवि'चा कवी झाला. या निर्णयाने हात या अर्थाचा संस्कृत 'पाणि' पिण्याच्या पाण्याच्या शेजारी त्याच वेषात येऊन बसला, आणि आपला पूर्वीचा ऱ्हस्व इकार त्याला आता 'पाणिग्रहण'सारख्या सामासिक शब्दातच अंगावर घालायला मिळतो. उच्चार एक झाल्यावर इंग्रजांनी लेखन दोन ठेवले. आम्ही उच्चाराचा निकाल मान्य करून लेखनही एक केले. यांत कोणाचे शहाणपण अधिक हे मी सांगू धजत नाही, पण परीक्षेला बसणाऱ्या मुलाचा कौल कोणाकडे जाईल हे उघड आहे.

मराठवाड्याला तर समोच्चारी शब्दांचा एक संपूर्ण धडा इंग्रजीच्या आधीच मिळून चुकला होता. मराठवाडा ज्याचा भाग होता त्या हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन होईपर्यंत या मुलखातले कोर्ट, कचेरी व माध्यमिक शाळा यांचा कारभार तिच्यातच चालला. उर्दूत 'ज़' या एका ध्वनीसाठी ज़े, ज़ाल, ज़ाद आणि ज़ोय अशी चार अक्षरे आहेत. अरबांच्या तोंडी ती चारही भिन्न होती, इराण्यांच्या तोंडी एक झाली, लेखनात मात्र चारही कायम राहिली. म्हणजे येथल्या आजोबांनी जो मार उर्दू इमल्यासाठी, म्हणजे शुद्धलेखनासाठी, खाल्ला, तोच नातवाने इंग्रजी स्पेलिंगांसाठी खाल्ला. पाहणे या अर्थाची 'नज़र' ज़ोयने आणि वरिष्ठाला अर्पण करायची भेट, 'नज़्र', ज़ालने लिहिली जाते. मराठीत आल्यावर दोहोंची 'नजर' झाली, आणि हुजुरांची नजर आपल्यावर पडावी म्हणून हुजुरांना काही नजर करावे, हे वाक्य व्याकरणाने व व्यवहाराने, दोन्ही दृष्टींनी निर्दोष ठरले.

इंग्रजी 'सेल'च्या घोटाळ्यातून सुटण्यासाठी कोणी शुद्ध मराठीचा आश्रय घेऊन 'पेशी' म्हणावे, तर तेथेही सुटका नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकातली पेशी संस्कृत. पण मराठवाड्यात ज्याच्या जमिनीचा तंटा चालू आहे त्याला विचाराल, तर पेशी म्हणजे न्यायाधीशापुढे उभे राहण्याची तारीख. ही पेशी फारसी 'पेश', म्हणजे पुढे, यावरून आली. पेशवे आणि पेशकार तिचे सोयरे. 'माझ्या पेश्या वाढल्यात' असे एखाद्या रुग्णाने सांगितले, तर डॉक्टराने काळजी करावी की वकिलाने, हे आधी ठरवावे लागेल.

रॉबर्ट ब्रिजेस या इंग्लंडच्या राजकवीने १९१९ साली इंग्रजीतल्या समोच्चारी शब्दांवर एक पुस्तिका लिहून आठशेंहून अधिक नोंदींची यादी दिली, आणि उच्चारातल्या शैथिल्याने ही संख्या वाढून भाषेची हानी होत आहे अशी चिंता प्रकट केली. त्याचा धंदा आधी वैद्यकाचा असल्यामुळे त्याला प्रत्येक लक्षणात रोग दिसत असावा. तथापि त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. फ्रान्सच्या बोलींचा नकाशासंग्रह करणाऱ्या झ्यूल झिलिएरों या पंडिताला असे आढळून आले होते, की गॅस्कनी प्रांताच्या एका भागात ध्वनिबदलामुळे मांजर आणि कोंबडा या दोहोंसाठी 'गात' हाच उच्चार व्हावयाचा होता, आणि नेमक्या त्याच भागात लोकांनी कोंबड्याचा जुना शब्द टाकून देऊन कोठे फेझंट पक्ष्याचे, तर कोठे कोंबडीच्या पिलाचे नाव त्याला दिले. एकाच अंगणात मांजर आणि कोंबडा दोन्ही फिरतात. एकाने दुसऱ्याला धरले आहे असे ओरडून सांगायचे, तर दोघांना एक नाव कसे चालेल? समुद्र आणि पाहणे यांची अशी गाठ एका वाक्यात क्वचितच पडते, म्हणून ते दोघे सुखाने नांदतात. आणि सास्तूरचे चार सेल चार निरनिराळ्या उंबऱ्यांवर राहतात, म्हणून तेही.

ब्रिजेसला जी आपत्ती वाटली तिचे आपल्या पंडित कवींनी अलंकार घडविले, हेही येथे नमूद केले पाहिजे. तीच अक्षरे निराळ्या अर्थाने पुन्हा आणणे याला आपण यमक म्हणतो, आणि त्याच्या हौसेपायी वामनपंडिताला 'यमक्या वामन' हे नाव पडले. गद्यात हाच खेळ कोटी म्हणून ओळखला जातो, आणि कोटी या शब्दावरच कोटी करता येते ही त्याची गंमत. शंभर लाखांचा धनी असला तरी ज्याला एक कोटी सुचत नाही, असा मनुष्य आपल्या मैफलीत दरिद्रीच गणला जातो.

परंतु मराठीजवळ समोच्चारी शब्दांना वेगळे राखण्याचे आणखी एक साधन आहे, जे इंग्रजीने सुमारे आठशे वर्षांपूर्वी गमावले. ते म्हणजे लिंग. 'मेल आली' म्हटले की ऐकणारा सोलापूरवरून जाणाऱ्या चेन्नई मेलचा विचार करतो, कारण ती गाडी; 'मेल आला' म्हटले की तो खिशातला फोन काढतो; आणि पुरुषरुग्णांचा मेल वॉर्ड या दोघांपासून अलिप्त राहतो. पत्र्याचे ते शेड, रंगाची ती शेड. गळ्यातला तो हार, निवडणुकीतली ती हार. पुस्तकातला तो पाठ, ओझ्याने वाकलेली ती पाठ. नवरात्रात बालाघाटाचा तो माळ तुडवीत तुळजापुराकडे निघालेल्या आराध्याच्या गळ्यात कवड्यांची ती माळ असते, आणि त्या वाक्यात कोणाचाही कान अडखळत नाही. इंग्रजी ज्या कामासाठी स्पेलिंगची साक्ष काढते, ते काम मराठी 'तो', 'ती', 'ते' या तीन पहारेकऱ्यांकडून करवून घेते, आणि हे पहारेकरी नुसते कागदावर नव्हे, बोलण्यातही जागे असतात.

त्यांची खरी कसोटी लागते ती 'सर' या शब्दावर. मोत्यांचा सर, पावसाची सर, 'त्याची सर याला यायची नाही' यातली बरोबरीवाचक सर, किल्ला सर करणे यातला फारसी वळणाचा सर, आणि शाळेतले सर, जे लॅटिनातल्या ज्येष्ठवाचक शब्दापासून फ्रेंच व इंग्रजी असा प्रवास करून येथवर आले, अशी एका अक्षरयुग्माची पाच कुळे मराठीत एकत्र नांदत आहेत. जूनच्या मध्यावर, मृगाचे ढग माळावर दाटून आलेले असता आणि वर्गात अद्याप कोणी शिकवायला आलेले नसता, दाराशी उभ्या केलेल्या पोराने आत तोंड करून आरोळी ठोकली, की साऱ्या वर्गाचे कान शेवटच्या स्वराकडे लागतात: 'सर आले' असेल तर पुस्तके उघडायची, आणि 'सर आली' असेल तर सगळ्यांनी ओसरीकडे धाव घ्यायची.